मांजराची गावपळण

माझी बायको आणि मी गेली काही वर्षं एकमेकांशी थेट बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली, मी तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन कायमचा घरी आलो, आणि आता दिवसभर बोलायचं काय, हे दोघांनाही कळेना. तेवढ्यात मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगात, एक करड्या रंगाचं पिल्लू येऊन राहिलं. तेव्हापासून आम्ही दोघंही मांजराशी बोलतो.

"बाय गो, सांग त्यांका, चाय थंड होता."

मी पेपर खाली न करता मांजराला म्हणतो, "सांग तिका, येतंय."

मांजर कोणाला काहीच सांगत नाही, पण चहा मिळतो. माझ्या पायाला सूज आली, तेव्हा "ह्यांका डॉक्टरकडे जावक सांग गो" हे मांजराला तीन दिवस ऐकावं लागलं. मुलगी गरोदर असल्याची बातमीही मला मांजराच्या मार्फतच मिळाली. कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावकची बारनिशी सांभाळली. कागद योग्य मार्गाने आला की मला बरं वाटतं. त्यामुळे या व्यवस्थेबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

आता, आमच्या मालवणाकडे मांजर कोणी पाळत नाही. पाळायची ती म्हैस, कोंबडी, फार तर कुत्रा. मांजर नुसतं असतं. मासे कापायला बसलं की ते येतं, डोकी आणि आतडी खाऊन जातं, आणि ज्याच्या घरी पिल्लं घालील त्याचं ते, असा साधारण हिशेब असतो. नाव ठेवायची पद्धत नाही. बायको तिला 'बाय' म्हणते, पण ती दुसऱ्यांच्या मुलींनाही बायच म्हणते. तेव्हा ते नाव धरता येत नाही.

मुलीचं बाळंतपण मुंबईला करायचं ठरलं, कारण डॉक्टर तिथले. बायको तीन-चार महिन्यांसाठी निघाली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सूचना लिहून भिंतीला लावल्या. मांजराला बांगडा काटे काढून द्यायचा. पेडवे चालतील, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालं नकोत, उलटी होते. दूध मागितलं तरी द्यायचं नाही. जंताची गोळी अमुक तारखेला. रात्री पडवीचं दार लावायचं, कारण पलीकडच्या वाडीत बिबट्यानं बकरी नेली होती. पानाच्या शेवटी, शेवटून दुसऱ्या ओळीत, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीचा उल्लेख होता. शेवटच्या ओळीत पुन्हा मांजर.

एसटीत बसताना तिनं खिडकीतून मला एवढंच सांगितलं, "बायक सांभाळा." मांजर घरी होतं, त्यामुळे हे तिला थेट मलाच सांगावं लागलं. त्या गडबडीत माझ्या ते लक्षात आलं नाही.

एखादं काम अंगावर आलं की ते कचेरीच्या शिस्तीत करायचं, ही माझी खोड आहे. मी मोबाइलवर मांजराच्या संगोपनाविषयी जे मिळेल ते वाचलं. कुडाळच्या बुधवारच्या बाजारातून गळ्यात बांधायचा पट्टा आणला, त्यावर न पुसणाऱ्या शाईनं माझा मोबाइल नंबर लिहिला. कुडाळलाच जनावरांच्या डॉक्टरांकडे रिक्षा करून नेऊन तिला टोचून आणलं. कार्डावर नाव विचारलं, तेव्हा मी 'मांजर' असं सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहिलं. टेबलावर दुरडीत बसलेल्या तिचा एक फोटोही मी काढून ठेवला. हरवली तर दाखवायला फोटो हवा, असं वाचलं होतं.

अडचण एकच होती. बायको रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करायची, आणि मांजर नेमकी सात वाजता घरात नसायची.

"बाय खंय आसा?" हा बायकोचा पहिला प्रश्न. मग मी बॅटरी घेऊन माडाच्या बागेत, न्हाणीच्या मागे, शेजारच्या काकीच्या माळ्यावर शोध घ्यायचा. फोन तिकडे चालूच. बायकोला त्यात बराच वेळ नुसता काळोख दिसायचा आणि माझा श्वास ऐकू यायचा. एकदा मांजर सापडली, की तिच्या तोंडासमोर फोन धरायचा आणि बायकोनं मुंबईहून विचारायचं, "बाय गो, ते जेवले काय?" मी मांजराच्या पाठीमागून म्हणायचं, "जेवलंय म्हणान सांग."

यावर मी उपाय काढला. बाजारच्या पट्ट्याला एक चिमुकली घंटी होती, पण समुद्राच्या वाऱ्यात ती कोणाला ऐकू येणार? मी ती काढली, मुलीनं शाळेच्या नाचात बांधलेले जुने चाळ पेटीतून शोधले, आणि त्यातलं एक चांगलं जाड पितळी घुंगूर सोडवून पट्ट्याला ओवलं. आवाज असा खणखणीत, की मांजर चार घरं पलीकडे असली तरी मी खुर्चीतून न उठता तिचा पत्ता सांगू लागलो. मांजराला ते आवडलं नाही. दोन दिवस ती माझ्याकडे पाठ करून बसली. पण सापडायला लागली, आणि मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं.

आणि मग देवानं गावपळणीची तारीख दिली.

आमच्याकडे आणि आजूबाजूच्या दोन-चार गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री गाव सोडून शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. गावात एकही जीव मागे ठेवायचा नाही. या दिवसांत गाव देवाचा आणि त्याच्या राखणदाराचा असतो. राखणदार म्हणजे देवचार; खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, असा तो आपल्या हद्दीत फिरतो आणि गाव साफ करतो, असं सगळे मानतात. बाहेर माणसं झावळ्यांच्या खोपी बांधतात, एकत्र शिजवतात, भजनं करतात, मुंबईचे नोकरदार खास रजा काढून येतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. देवानं हो म्हटलं तर घरी, नाहीतर आणखी एक दिवस रानात.

मी देवाचं करतो, पण बेतानं. अशा गोष्टींना मी 'लोकांना एकत्र आणणारी चांगली प्रथा' म्हणतो. निवृत्त माणसाला असं म्हणावं लागतं.

गावच्या मानकऱ्यांनी माझ्यावर एक जबाबदारी टाकली. शिवेवरच्या व्हाळापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, वही घेऊन बसायचं आणि घरवार नोंद घ्यायची: माणसं किती, गुरं किती, कुत्री-मांजरं किती. कोणी मागे राहिलेलं नाही, अशी खात्री करून मानकऱ्यांना सांगायचं. तीस वर्षांच्या अनुभवाचा हा मान होता, आणि मी तो मनापासून मिरवला.

बायकोनं फोनवर मांजराला विचारलं, "तुका कशी न्हेतले गो?"

"सांग तिका, ता माज्यार सोड," मी मांजराला म्हणालो.

निघायच्या दिवशी दुपारी गावात एकच गडबड होती. शेजारची काकी पंचाहत्तरीची, एकटी राहते, एक म्हैस आणि एक बोका. तिनं बोक्याला गोणपाटाच्या पिशवीत घातलं, तोंड सुतळीनं बांधलं आणि पिशवी तीन वेळा स्वतःभोवती फिरवली. सगळे असंच करतात. मी मात्र वाचलं होतं की मांजराला अंधारात कोंडलं की ते घाबरतं, त्याला हवेशीर आणि बाहेरचं दिसेल अशा साधनातून न्यावं. मी दोन दुरड्या एकमेकींवर पालथ्या बांधल्या, आणि पुढच्या बाजूला वेताच्या चार काड्या काढून तिला खिडकी केली.

काकीनं ते बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. "रे झिला, ह्या काय? मांजराक वाट दाखवन न्हेतत?"

"काकी, तां भियाता गे काळोखाक."

"भियांदे. वाट बगल्यान तर परत जातला. मांजर माणसाचां नसता रे, घराचां असता."

मी हसलो. खरं सांगायचं तर काकी चौथी शिकलेली आणि मी पदवीधर, हे त्या हसण्यात होतं. आज ते आठवलं की माझंच मला कसंसं होतं.

मांजर वाटभर अजिबात ओरडली नाही. खिडकीला नाक लावून बसली. देवळाचा कोपरा, शाळेची पायरी, काजूचं कलम, व्हाळावरचे पाय ठेवायचे दगड, सगळं नीट बघत होती. मोजणीखात्याचा माणूसही इतकं बघत नाही. माझं वाचन किती बरोबर आहे, असं वाटून मी चालता चालता तिच्याशी दोन प्रेमाचे शब्द बोललो.

व्हाळापाशी मी संध्याकाळपर्यंत वही भरली. शेवटी माझं स्वतःचं घर लिहिलं: माणूस एक, मांजर एक. मग उठून मानकऱ्यांना सांगितलं, "सगळी इली. गावात कोण नाय." त्यांनी हात जोडले. ढोल वाजला आणि गाव बंद झाला.

ही नोंद केली तेव्हा ती खरी होती. कचेरीत यापेक्षा जास्त कोणी मागत नाही.

त्यानंतर साधारण पाऊण तासानं मी खोपीत मांजराला भाजलेला बांगडा द्यायला दुरडी उघडली. काटे काढले, सूचनेप्रमाणे. तिनं बांगडा तोंडात घेतला, खोपीच्या झावळीखालून बाहेर गेली, व्हाळाच्या दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे गेली आणि गावाच्या वाटेला लागली. शेपटी वर होती. मी हाक मारली, पण हळू मारली, कारण शेजारच्या खोपीत मानकरी चहा पीत बसले होते.

तिन्हीसांज झाली. एवढ्या मोठ्या गावातून एकही आवाज येत नव्हता. कुत्रं नाही, पंप नाही, कोणाच्या टीव्हीचा आवाज नाही. भजनाला पेटी लावत होते, तेवढ्यात पलीकडून, रिकाम्या गावातून आवाज आला. छुन. छुन छुन. थोडं थांबून पुन्हा, छुन.

पेटी थांबली. बायकांनी डोक्यावर पदर घेतला. मुंबईहून आलेल्या एकानं मोबाइल वर धरला, दुसऱ्यानं तो खाली केला. सगळ्यांत वयस्कर मानकरी उभे राहिले. "राखणदार फिरता हा," ते म्हणाले. "घुंगुरकाठी. आयकलास?"

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. माझे हात सगळ्यांत आधी जोडले गेले, असं नंतर कोणीतरी कौतुकानं सांगितलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? तीनशे माणसं डोळे मिटून उभी, काहींच्या डोळ्यांत पाणी, आणि मी म्हणणार, की तो आवाज माझ्या मुलीच्या चाळातल्या घुंगराचा आहे? आणि 'गावात कोण नाय' असं तोंडानं सांगणारा मीच? एक जीव मागे राहिला म्हणजे गावपळण मोडली. मोडली तर पुढे गावात कोणाला ताप आला, कोणाची म्हैस आटली, तरी बोट माझ्या घराकडे. मी गप्प बसलो, आणि भजनात नेहमीपेक्षा मोठ्यानं टाळ वाजवला.

दुसऱ्या दिवशी राखणदाराच्या फेऱ्या हा सगळ्यांचा एकच विषय होता. आवाज कुठून आला यावर मानकरी अर्थ लावायचे. "आता देवळाकडसून इलो. आता शाळेकडे गेलो, पोरांचां बरां करतलो." मला प्रत्येक वेळी आतून सुटल्यासारखं वाटायचं. वाजतंय म्हणजे आहे. ठीक आहे. कोणाच्या तरी माळ्यावर उंदीर धरत असेल. त्या दिवशी गावात माझ्याइतकं श्रद्धेनं तो आवाज कोणी ऐकत नसेल.

पट्ट्यावर माझा नंबर होता, याचाही मी विचार करून बघितला. पण त्या तीन दिवसांत गावात जो कोणी असतो, त्याच्याकडे मोबाइल असतो की नाही, याबद्दल आमच्याकडे एकवाक्यता नाही.

बायकोचा फोन टाळणं सोपं होतं, कारण शिवेवर रेंज नाही. एका उंच कातळावर गेलं की थोडी येते. तिथून मी 'सर्व कुशल' असा मेसेज पाठवला. उलट मेसेज आला, 'बायचो फोटो धाडा'. मी मोबाइलमध्ये होता तो, कुडाळचा, दुरडीतला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटं फारसं बोललो नव्हतो. थेट बोलणंच कमी असल्यामुळे संधी नव्हती.

दुपारी जेवताना बिबट्याचा विषय निघाला. गाव रिकामा झाला की रान आत येतं, असं एकजण सांगत होता. मागच्या गावपळणीनंतर त्याच्या अंगणात पंजे दिसले होते. "पण ह्या टायमाक भिया नाय," दुसरा म्हणाला, "घुंगुर वाजता हा मां." सगळे हसले आणि पुन्हा वाढून घेतलं.

तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. साध्या मांजराला बिबट्या ऐकत नाही; ती पाय न वाजवता जगते, तीच तिची राखण. मी तिच्या गळ्यात घुंगूर बांधलं होतं. मी तिला सापडायला सोपी केली होती. कोणाला, ते मी ठरवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून घुंगूर वाजलं नाही.

मानकरी प्रसन्न होते. "काम झालां. आता तो बसलो." सगळ्या गावाला बरं वाटलं. मी कातळावर जाऊन ऐकलं, व्हाळाच्या वरच्या अंगाला जाऊन ऐकलं. नुसता माडांचा आवाज. मला भीती वाटली. तिच्यासाठी तर वाटलीच. पण सात वाजताच्या त्या फोनची जास्त वाटली. मांजर नसेल तर बायको काय विचारणार, कोणाला विचारणार, आणि आम्ही दोघं उरलेली वर्षं त्या घरात एकमेकांसमोर बसून काय करणार, हे मला एकदम लख्ख दिसलं. एक मांजर गेलं तर घरात बोलणं बंद होणार होतं. इतकं सगळं आम्ही त्या चार पायांवर ठेवलं होतं.

दुपारी माणसं कलंडल्यावर मी व्हाळावर गेलो. चपला काढल्या. पाणी घोट्याएवढं, पलीकडे आमचीच वाट. दहा मिनिटांत घरी जाऊन आलो असतो, कोणाला कळलं नसतं. मी एक पाय पाण्यात ठेवला आणि दुसरा उचलेना. देवाला घाबरलो म्हणावं, तर तसं नव्हतं. गावाला घाबरलो म्हणावं, तर बघायला कोणी नव्हतं. पण उचलला नाही, एवढं खरं.

मग मी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला काही सांगायचं असलं की गाऱ्हाणं घालतात. एकजण देवासमोर मोठ्यानं मागणं मांडतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं. सुरुवात 'बा देवा म्हाराजा' अशी बरी झाली, पण पुढे जन्माची सवय आड आली.

"सदर मांजर," मी म्हणालो, "दिनांक... म्हणजे परवा सायंकाळी, माझ्या चुकीमुळे हद्दीत गेलेलं आसा. त्याचो काय एक दोष नाय. दोष माझो. तरी त्याका कोणत्याही जनावरापासून सांभाळून सुखरूप ठेवची कृपा करावी. आणि माज्या बायलेक... माज्या बायलेक काय सांगू, तां माका सुचव."

साथ द्यायला कोणी नव्हतं, म्हणून शेवटचं मीच म्हणणार होतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

काकी पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

मी पाय पाण्यातून काढला. काकी कातळावर बसली, कळशी बाजूला ठेवली. "माका पयल्या सांजेकच कळलां," ती म्हणाली. "राखणदार काय माज्या माळ्यावरच्या सुक्या बांगड्यांकडे धा-धा मिनटांनी फेरी मारतलो? आवाज खंयसून येता, तां माका कळना नाय?"

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"कोणाक सांगू? गावाक बरां वाटलां. रवांदे." तिनं कळशी पुन्हा उचलली. "तुका मी सांगलेलंय, डोळे बांधून न्हे."

"सांगलेलंस," मी म्हणालो. यापलीकडे तिनं मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी शिवेवर मांडलेल्या देवाच्या पाषाणाला कौल लावला. देवाला लावलेलं फूल उजवीकडून पडलं तर घरी जायचं. अशा वेळी मी नेहमी मागे उभा राहतो आणि लोकांचे चेहरे बघतो. त्या दिवशी मी पुढे घुसून फुलाकडे बघत होतो. ते हललं, थांबलं आणि उजवीकडून पडलं. आनंदाने सगळ्यांत आधी ओरडणाऱ्यांत मी होतो, आणि माझी भक्ती वाढल्याचं त्या दिवशी पक्कं झालं.

ढोल पुढे, मानकरी मागे, मग आम्ही. मला पळायचं होतं, आणि मानकऱ्यांच्या पुढे पळता येत नाही. काकी मात्र म्हशीनं दावं ओढलं, असं भासवून कधीच पुढे निघून गेली.

घरी पोचलो. पायरीवर कोणी नव्हतं. पडवीत नाही, लाकडांच्या ढिगात नाही, चुलीपाशी नाही. हाक मारली. घरात तीन दिवसांचा बंद वास होता. भिंतीवर बायकोच्या सूचना होत्या. मी त्या वाचायला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. 'रात्री पडवीचं दार लावायचं.'

गडग्यावरून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरून, काकी आली. तिच्या काखेत मांजर होती, पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले. काकीच्या माळ्यावर चढून तिनं सुक्या बांगड्यांची अख्खी माळ संपवली होती, आणि कालपासून तिथेच गवतात पडून झोपली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते काकीनं बघितलं आणि बागेकडे तोंड फिरवलं.

मग तिनं दुसरा हात पुढे केला. पट्टा सोडवून तिनं मुठीत धरला होता. घुंगूर माझ्या तळहातावर ठेवलं.

"घे रे," ती म्हणाली, "तुझो देवचार."

ही गावपळण फार चांगली झाली, असं आमच्याकडे अजून बोललं जातं. राखणदार इतका स्पष्ट कधीच फिरला नव्हता. माझी वही मानकऱ्यांकडे जपून ठेवली आहे. काकीला मी सुक्या बांगड्यांची नवी माळ आणून दिली. तिनं ती काही न बोलता माळ्यावर टांगली, या खेपेला जरा उंच.

घरी परतलो त्या संध्याकाळी बरोबर सात वाजता फोन वाजला. घुंगूर टेबलाच्या खणात होतं, आणि मांजर अर्थातच कुठेतरी गेली होती.

"बाय खंय आसा?" बायकोनं विचारलं.

"आसा. खंयतरी."

"आसा मां पण?"

"आसा. दुपारी माज्या खुर्चेत निजलेली."

"तो फोटो कुडाळचो," ती म्हणाली. "माका तेवाच कळलेलां. रानात भिंतीक डॉक्टराचां कॅलेंडर खंयसून इलां?"

तिनं आणखी काही विचारलं नाही, ती रागावलीही नाही. तीन दिवस मुंबईत तिनं कसे काढले असतील, ते तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं. मी सवयीनं खाली, मांजर असते त्या जागेकडे बघितलं. तिथे फरशी होती.

"मी खूप घाबरलेलंय," मी म्हणालो. "घर खायाक येता. तू बेगीन ये."

तिनं फोन चेहऱ्याजवळ घेतला.

"ह्यां कोणाक सांगतास?" तिनं विचारलं. "बाय इली काय थंय?"

"नाय," मी म्हणालो. "तुका सांगतंय."